रस्ता गुळगुळीत झाला आणि ओलांडता येईना, कॉर्पोरेशनकडे नक्की मागायचं काय?

कढीपत्ता

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय, जरा लांबण लागेल. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण घरातलं एक माणूस तिथल्या कॉर्पोरेशनलाच कामाला आहे, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाढत्या शहरातला डीपी रोड (विकास आराखड्यातला मोठा रस्ता) डोळ्यासमोर आणा, तोच आमचा.

तर हा रस्ता इतकी वर्षं खड्ड्यांचा होता, सगळे शिव्या घालायचे, पण खड्ड्यांमुळे गाड्या आपसूक हळू जायच्या हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. यंदा पावसाळ्याआधी तो सिमेंटचा झाला, दोन्हीकडे दोन दोन लेन, मधे दुभाजक, नवे दिवे, आणि आता सकाळी सातला पोरं शाळेत जायच्या वेळी लोक तिथून साठ-सत्तरने गाड्या काढतात. चौकाच्या एका कोपऱ्याला शाळा, एका कोपऱ्याला भाजीवाले, समोर आमच्या सोसायट्या. सिग्नल आहे पण सकाळी तो पिवळा लुकलुकत असतो, आणि दिवसा चालू असला तरी फ्री लेफ्टवाले थांबतच नाहीत, त्यामुळे आपल्याला हिरवा माणूस दिसत असूनही डावीकडून येणारा टेम्पो बघत बघत पळायचं. फुटपाथ नवा कोरा आहे, लाल-करडे पेव्हर ब्लॉक वगैरे, पण इतका उंच आणि प्रत्येक गेटपाशी तुटलेला की सासूबाई (गुडघे दुखतात) एकदा चढल्या की वीस पावलांवर उतरायचं, परत चढायचं, मग विजेची डीपी आडवी, मग झाडाचा कट्टा. त्या आता सरळ रस्त्याच्या कडेनेच चालतात आणि मी त्यांना काही बोलूही शकत नाही, कारण मी पण तेच करते.

मागच्या महिन्यात बी विंगमधल्या काकांना वळणाऱ्या गाडीने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, वाचले. त्यावरून मीटिंग झाली आणि तीन तट पडले. एक म्हणतात स्पीडब्रेकर टाका, दुसरे म्हणतात पादचारी पूलच हवा (ह्यात जे स्वतः कधी चालत जात नाहीत ते जास्त), तिसरे म्हणतात दुभाजकाला जाळी ठोका म्हणजे लोक मधूनच घुसणार नाहीत. पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. तर कुणी असं काही आपल्या भागात करून घेतलंय का आणि खरंच कशाने फरक पडतो? आणि दुसरं, लेक सहावीत आहे, सायकलने शाळेत जायचा हट्ट धरून बसलीय, अंतर जेमतेम दीड किलोमीटर. द्यावी का हातात?

पायपीट

पादचारी पूल मागू नका हो, हात जोडून सांगतो!

साधा हिशोब करा. खालून ट्रक जायला पुलाखाली साडेपाच मीटर जागा सोडतात, त्यावर पुलाची जाडी, म्हणजे सहा मीटरच्या वर चढायचं. एक पायरी पंधरा सेंटीमीटर धरली तर चाळीस पायऱ्या वर आणि चाळीस खाली, कोथिंबिरीच्या जुडीसाठी. तुमच्या सासूबाई चढणारेत का? लिफ्ट लावली तर ती पहिले सहा महिने चालते. मुंबईत २००८ ला वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला आणि मग एमएमआरडीएने (मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण) ठिकठिकाणी उभारले, त्यातले जे स्टेशनच्या पुलाला जोडलेत ते लोक वापरतात कारण माणूस आधीच वर असतो, त्याला फक्त पुढे चालायचं असतं. खालून वर चढायला लावलंत की लोक खालूनच पळतात, मग तुमचे जाळीवाले सभासद म्हणणार बघा, पूल दिला तरी वापरत नाहीत, लोकांना अक्कलच नाही.

जाळीचं पण तेच. जिथे लोक रोज ओलांडतात तिथे ओलांडायची सोय पाहिजे, दोनशे मीटर लांब नव्हे. जाळी लावली की महिन्याभरात कुणीतरी एक गज वाकवतो आणि मग अख्खी वस्ती त्या फटीतून जाते, साडी नेसलेल्या बायका सुद्धा.

मूळ भानगड वेगाची आहे. गाडी ताशी ५० ने असेल तर समोरचा माणूस दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात ती १४ मीटर पुढे गेलेली असते, ३० ने असेल तर ८ मीटर. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३० चे ५० झाले की जवळपास पावणेतीनपट. जागतिक आरोग्य संघटनेचा २००४ चा रस्ता सुरक्षेवरचा अहवाल आहे, त्यात दिलंय की ३० किंवा त्याखालच्या वेगाने धडक बसली तर दहातले नऊ पादचारी वाचतात, ४५ च्या वर गेलं की निम्मे पण वाचत नाहीत. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. रोजची नव्वद झाली.

त्यामुळे स्पीडब्रेकरवाले तुमच्यातले त्यातल्या त्यात शहाणे. पण स्पीडब्रेकर कसला ते पत्रात लिहा, नाहीतर रातोरात डांबराचा वळकटीसारखा उंचवटा घालून जातील ज्यावर स्कूटरवालेच आपटतात. आयआरसीचा (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) माप दिलेला उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ च्या आसपास गाडी गेली तर पाठीला काही होत नाही, जोरात गेली तर डोकं टपाला लागतं. त्याहून चांगला म्हणजे टेबलटॉप, वरून सपाट, त्याच्यावरच झेब्रा, म्हणजे चालणारा फुटपाथच्या उंचीवरून सरळ पलीकडे जातो आणि चढायचं-उतरायचं काम गाडीला.

फटफटी_१९८४

झालं सुरू. सगळा दोष गाडीवाल्यांचा.

मी रोज दुकानात दुचाकीने जातो, पंचवीस वर्षं झाली. कानात ते बोंडूक घालून, मोबाईलमध्ये डोकं खुपसून, हात वर करून ट्रॅफिक थांबवत निघालेली माणसं मी रोज बघतो, जणू रस्ता ह्यांच्या तीर्थरूपांचा. सिग्नल आपल्याला हिरवा असताना घुसतात. आधी त्यांना दंड करा ना पाचशे पाचशे रुपये, मग बघू टेबलटॉप न् काय ते. आणि फुटपाथ रुंद करा म्हणता, म्हणजे रस्ता अरुंद होणार, म्हणजे दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही, म्हणजे गिऱ्हाईक मॉलमध्ये. आमच्या पोटावर पाय देऊन तुम्ही मॉर्निंग वॉक करणार होय?

राग मानू नका ताई, काकांचं वाईट झालं, पण नाण्याला दुसरी बाजू असते.

खडी_वाळू_सिमेंट

कढीपत्ता ताई, आयुष्य रस्त्याच्या कामांवर गेलंय माझं, आता रिटायर आहे, त्यामुळे बोलायला मोकळा. पायपीट म्हणतात ते बरोबर पण तुमच्या काकांना *वळणाऱ्या* गाडीने उडवलंय, सरळ जाणाऱ्या नव्हे, तिथे नुसता स्पीडब्रेकर कामाचा नाही. कोपरा बघा.

चौकात कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची, गोलाई (त्रिज्या) केवढी ठेवलीय ते जाऊन बघा. बारा-पंधरा मीटरची गोलाई असली की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वळते, ड्रायव्हर उजवीकडून येणारी गाडी बघत असतो आणि डावीकडच्या झेब्र्यावर कोण आहे ते त्याला दिसतच नाही. तीच गोलाई चार-पाच मीटरवर आणली की त्याच्या बापाला हळू करावं लागतं. शिवाय कोपरा पुढे आला की ओलांडायचं अंतर कमी होतं, थांबायला जागा मिळते, आणि तिथे उभ्या राहणाऱ्या रिक्षा आपोआप हटतात. बस वळत असेल तर पाच मीटर पुरणार नाहीत म्हणून साईटवर अडवतील तुम्हाला, तेव्हा विचारा ह्या कोपऱ्यावरून बसचा रूट आहे का. बहुतेक वेळा नसतो. नकाशा काढणाऱ्याने सगळ्या कोपऱ्यांना एकच आकडा टाकलेला असतो.

ह्याला लगेच फोडाफोडी लागत नाही. आधी ट्रॅफिकचे प्लास्टिकचे कोन लावून आणि पांढरा रंग मारून कोपरा "वाढवून" बघायचा, गाड्या कशा वळतात ते बघायचं, मग पक्कं बांधायचं. मालाडच्या मीठ चौकीला असंच केलं होतं आधी तात्पुरतं. साहेब लोकांना ही कल्पना आवडते, कारण जमलं नाही तर उचलून ठेवता येतं.

सिग्नल. घड्याळ लावून बघा चालणाऱ्यांना किती सेकंद मिळतात. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे. दोन दोन लेन आणि दुभाजक म्हणजे तुमचं अंतर १५ मीटरच्या आसपास असणार, त्याला साडेबारा सेकंद. पण गुडघे दुखणारी बाई ०.८ ने चालते, तिला १९ लागतात. म्हणजे कागदावर सगळं बरोबर आणि सासूबाई मधल्या मधे. एक तर वेळ वाढवा, किंवा दुभाजकात दीड-दोन मीटर रुंद थांबायची जागा द्या, दोन्ही बाजूंना कर्बचा आडोसा असलेली, म्हणजे अर्धा रस्ता एका दमात आणि अर्धा दुसऱ्या. वेळेचं काम ट्रॅफिक पोलिसांकडून होतं, बांधकाम रस्ते विभागाकडून, दोघांना एकच पत्र द्या आणि खाली दोघांची नावं लिहा, नाहीतर हा म्हणतो ते त्यांच्याकडे आणि तो म्हणतो ते ह्यांच्याकडे.

फुटपाथ. आयआरसी १०३ म्हणून मार्गदर्शिका आहे, २०१२ ची, नंतर २०२२ ला सुधारली. कर्बची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको, आणि चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर. *मोकळी* हा शब्द पत्रात अधोरेखित करा, कारण मोजमाप पुस्तकात अडीच मीटरचा फुटपाथ लागतो आणि त्यातच डीपी, झाड, बोर्ड, फीडर पिलर असं सगळं बसवलेलं असतं. फुटपाथ उंच का करतात तर म्हणे दुचाकी चढू नये. दुचाकी तरीही चढते. चढत नाहीत ती म्हातारी माणसं. आणि सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली आणायचा नसतो, तो सरळ त्याच उंचीने न्यायचा आणि कडेच्या फुटा-दोन फुटात गाडीसाठी उतार द्यायचा. सगळ्यांना माहितीये, पण गेटवाले सभासद येऊन ठेकेदाराला दम देतात की आमच्या गाडीचं पोट घासतं.

आता कामाची गोष्ट. रस्ता नवा आहे ना, मग डीएलपी चालू असणार, म्हणजे दोषदुरुस्तीची मुदत. उखडलेले ब्लॉक, खचलेलं चेंबर, वाकडी जाळी हे सगळं त्या मुदतीत ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायचं असतं. माहिती अधिकारात टेंडर, मंजूर नकाशा आणि डीएलपीची तारीख मागा. नकाशात झेब्रा आणि उतार दाखवलेले असतील आणि जागेवर नसतील तर तुमचं निम्मं काम झालं.

डच_वरण

नेदरलँडमधल्या आइंडहोवनहून लिहितोय. इथे आल्यावर मला पण वाटायचं ही माणसं जन्मतःच सायकलवर बसलेली आहेत, पण तसं नाहीये. १९७१ साली ह्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं. तेव्हा इथली शहरं पण चौक फोडून, कालवे बुजवून गाड्यांसाठी रस्ते करायच्या नादात होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलनाचं नावच "मुलांच्या हत्या थांबवा", पोरं रस्त्यात आडवी झोपवली, वर १९७३ चा तेलाचा तुटवडा आला, रविवारी गाड्या बंद झाल्या, आणि हळूहळू वारं फिरलं. सांगायचं कारण, @फटफटी काका, तेव्हा इथले दुकानदार अगदी तुमच्यासारखंच बोलत होते.

खडीवाल्या काकांनी गेटचं सांगितलं ना, तेच इथे गल्लीच्या तोंडाशी असतं. मोठ्या रस्त्यावरून गल्लीत वळताना फुटपाथ तुटत नाही, तो आणि सायकलची लाल पट्टी तश्शाच पुढे जातात, गाडीला त्यावर चढून पलीकडे उतरावं लागतं. पाटी नाही, पोलीस नाही, शिट्टी नाही, पण दगडाचा तो तिरपा उतार टायरला लागला की ड्रायव्हरला कळतं आपण दुसऱ्याच्या दारात आलोय. आमचा लेक आठ वर्षांचा आहे, त्याला मी हेच बघून सायकलवर सोडतो.

कायदा पण तसा आहे. मोटरने सायकलवाल्याला किंवा चालणाऱ्याला धडक दिली की भरपाई बहुतेक करून मोटरवाल्याच्या विम्यातून जाते, आणि मूल १४ च्या खालचं असेल तर त्याची चूक असली तरी जवळजवळ पूर्ण. अॅमस्टरडॅमने डिसेंबर २०२३ पासून बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आणली, तेव्हा इथेही टॅक्सीवाल्यांनी बोंब मारलीच.

फक्त एक, तुमच्याकडे कुणी "नेदरलँडसारखा" लाल रंग मारून सायकल ट्रॅक देतो म्हणाला तर हुरळून जाऊ नका. नुसत्या रंगाने गाडी अडत नाही.

फटफटी_१९८४

@डच_वरण, तिकडची लोकसंख्या किती, आमच्या एका पेठेएवढी. उगाच काहीतरी.

चेनकव्हर

लेकीच्या सायकलीबद्दल मी बोलते, पुण्यात रोज सायकलने ऑफिसला जाते.

पुण्याचं सांगायचं तर २०१७ मध्ये इथे सायकल आराखडा मंजूर झाला, ८२४ किलोमीटरचं जाळं कागदावर आहे. त्याच्याही आधी, २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (बससाठी वेगळी लेन) आली तेव्हा तिच्या कडेने ट्रॅक केलेच होते. त्यावर चालवून बघा एकदा. पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात, मधेच बसस्टॉप, मधेच पाणपोई, आणि जिथे चौक येतो, म्हणजे जिथे खरी भीती असते, तिथेच ट्रॅक संपतो. त्यामुळे आम्ही सायकलवाले रस्त्यावरूनच जातो आणि मग लोक म्हणतात ट्रॅक दिला तरी वापरत नाहीत. मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) पण हौसेने ट्रॅक केले आणि तिथे गाड्या लागल्या. एकेकाळी ह्याच पुण्यात सायकलीला बिल्ला लागायचा, दिवा नसला की पोलीस पकडायचा, डबलसीटला दंड, हे माझे बाबा अजून अभिमानाने सांगतात, म्हणजे सायकल ही तेव्हा वाहन होती. आता ती गरिबाची नाहीतर हौशी लोकांची.

दीड किलोमीटर आणि सहावी म्हणजे जमेल, पण डीपी रोडवरून पाठवू नका. गल्ल्यागल्ल्यांतून रस्ता शोधा, दोन मिनिटं जास्त लागू देत, रविवारी सकाळी तुम्ही दोघी जाऊन या. मग तिला एवढं शिकवा की रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवायचं नाही. आपल्याला वाटतं कड म्हणजे सुरक्षित, पण तिथेच वाळू, तिथेच उघडणारी गाडीची दारं, आणि तिथेच पावसाच्या पाण्याच्या चेंबरची जाळी. ती जाळी बघा तुमच्या नव्या रस्त्यावर. पट्ट्या रस्त्याला समांतर बसवल्या असतील तर बारीक टायर बरोब्बर फटीत जातो आणि माणूस हँडलवरून पुढे. आडव्या बसवल्या की काही होत नाही. लोखंड तेच, खर्च तोच, फक्त झाकण नव्वद अंशात फिरवून ठेवायचं. हे पत्रात नक्की टाका, डीएलपीत फुकट होईल.

आणि एकटी नको. सोसायटीतली पाच-सहा पोरं एकत्र, पुढे एक मोठं माणूस, मागे एक, ठरलेली वेळ, ठरलेले थांबे. पालकांनी पाळ्या लावायच्या. शाळेला विचारा आत सायकली लावायला जागा देतात का, बऱ्याच शाळा तिथेच अडतात, स्कूलबसला अख्खं मैदान आणि सायकलला "स्वतःच्या जबाबदारीवर".

@फटफटी काका, पार्किंगचं म्हणाल तर एक चारचाकी लावायला साधारण साडेबारा चौरस मीटर लागतात, अडीच गुणिले पाच. त्यातून एक गिऱ्हाईक उतरतं, आणि बरेचदा ती गाडी शेजारच्या दुकानदाराचीच असते, सकाळी लावली की रात्री निघते. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केला तेव्हा असाच ओरडा झाला होता, आता त्याच फुटपाथवर बाक आहेत, लोक आईस्क्रीम खात बसतात, दुकानं आहेत तिथेच आहेत. दुचाक्या चढतात मधून मधून हे कबूल. लक्ष्मी रोडला २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, गाड्या बंद. त्या दिवशी जाऊन बघा गिऱ्हाईक कमी होतं का.

फटफटी_१९८४

वर्षातून एक दिवस जत्रा असली की गर्दी होणारच की हो. ३६४ दिवसांचं बोला.

पण ती शेजारच्या दुकानदाराच्या गाडीची गोष्ट खरी आहे. आमच्या लाईनीत एकाची पांढरी गाडी वर्षभर एकाच जागी आहे, टायर बसलेत, वर भाज्यांच्या पाट्या ठेवतात. नाव घेत नाही.

चाकखुर्ची_वरून

दोन मिनिटं माझं पण ऐका. फुटपाथवर दुचाकी चढू नये म्हणून लोखंडी खांब ठोकतात, इतके जवळ जवळ की माझी खुर्ची अडकते. बुलेटवाला मात्र हँडल तिरकं करून निघतो. पत्रात खांब मागणार असाल तर खुर्ची जाईल एवढी फट ठेवायला सांगा, आणि टेपने मोजून मग घ्या. उतार दिला तर त्याच्या पायथ्याशी दोन इंचाची पायरी सोडू नका, तेवढी मला डोंगर आहे. ती पिवळी उंचवट्याची फरशी अंधांसाठी असते, डिझाईनसाठी नाही, आमच्या इथे ती सरळ झाडात जाते.

आणि कृपा करून कुणी "आधी शिस्त" म्हणू नका. मी शिस्तीतच आहे, मला फुटपाथवर चढताच येत नाही म्हणून रस्त्यावर आहे.

पायपीट

@चाकखुर्ची, +१.

@फटफटी, दंडाचं म्हणत होतात म्हणून, सिग्नल नसलेल्या झेब्र्यावर चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आहे, २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय. किती जणांना दंड झालेला ऐकलाय? आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलंय की चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, संविधानाचं कलम २१. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १९८अ कलम आलं, रस्त्याचं डिझाईन किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे नसल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदार, सल्लागार, अधिकारी ह्यांना एक लाखापर्यंत दंड. एक लाखाने कुणाचं काही वाकडं होत नाही, पण पत्रात कलमाचा नंबर दिसला की पत्र टेबलावरून सहजासहजी खाली जात नाही.

माथेरानला जा कधी काका. महाराष्ट्रात चालणाऱ्यांसाठी एवढं एकच गाव उरलंय, आणि तिथेही पेव्हर ब्लॉकवरून भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं :)

कढीपत्ता

सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी लेक, मी आणि शिवणाची टेप असं तिघं चौकात जाऊन आलो, लोक बघत होते पण असो. कर्ब २६ सेंटीमीटर निघाला. चालणाऱ्यांचा हिरवा १२ सेकंद, म्हणजे खडीवाले काका म्हणाले तस्संच, कुणीतरी १.२ ने भागून मोकळं झालंय. चेंबरच्या जाळ्यांमध्ये गंमत म्हणजे एका बाजूच्या सगळ्या आडव्या आणि दुसऱ्या बाजूच्या सगळ्या उभ्या, दोन वेगळ्या टीमने बसवल्या असाव्यात. शाळेचा कोपरा एवढा मोठा गोल आहे की त्यात एक रिक्षास्टँड मावलाय.

आता पत्रात पूल नाही, जाळी नाही. शाळेच्या कोपऱ्याची गोलाई कमी करून आधी कोन लावून बघा, झेब्र्याला टेबलटॉप करा (मापासकट), सकाळी साडेसहापासून सिग्नल चालू ठेवा आणि चालणाऱ्यांना २० सेकंद द्या, दुभाजकात थांबायची जागा, चेंबरच्या जाळ्या फिरवा, कर्ब निदान चौकापाशी १५ वर आणा आणि उतार द्या, एवढंच. पुलाचा तट अजून रुसलाय, अध्यक्षांनी पुलाची ओळ "भविष्यात विचार व्हावा" म्हणून शेवटी घालायला सांगितलीय. घालू की नको?

आणि माहिती अधिकाराला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो ना, की चलनच भरावं लागतं?

खडी_वाळू_सिमेंट

स्टॅम्प चालतो. अर्ज जन माहिती अधिकारी, रस्ते विभाग ह्या नावाने करा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नकाशाची झेरॉक्स मागण्यापेक्षा "अभिलेख पाहणी" मागा, समक्ष जाऊन फाईल बघता येते, काय हवं ते तिथेच कळतं.

पुलाची ओळ अजिबात घालू नका. शेवटची असली तरी तीच पहिली मंजूर होते, कारण तिचं एस्टिमेट मोठं असतं. आणि पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, कितीही गोड बोलले तरी. तुमच्याकडे नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक असा प्रकार आहे का बघा, पुण्यात २००६ पासून आहे, नागरिकांनी सुचवलेली पाच लाखांपर्यंतची छोटी कामं त्यात घेतात. टेबलटॉप त्यात बसायला हरकत नाही.

फटफटी_१९८४

ताई, रिक्षास्टँड हलवणार असाल तर त्या पोरांना आधी दुसरी जागा दाखवा, नाहीतर तुमचे कोन पहिल्याच रात्री गायब होतील. त्यांच्या स्टँडच्या अध्यक्षाला पत्रावर सही करायला बोलवा, सही केली की तोच कोन राखेल.

आणि भाजीवाल्यांना हात लावू नका. ते सकाळी पाचला येऊन बसतात, त्यांच्यामुळे त्या कोपऱ्यावर गाड्या हळू होतात, हे तुमच्या आयआरसीत नसेल लिहिलेलं.

चेनकव्हर

काका, पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आहे, जागा ठरवून द्यायला नगर पथविक्रेता समिती असते, त्यांना तिथेच पण चालायची वाट सोडून ओळीत बसवता येतं. कढीपत्ता, भाजीवाल्या मावशींची पण सही घ्या. आणि सायकलची सीट लेकीच्या कमरेइतकी आहे ना बघा, मुलांना "वाढत्या अंगाची" म्हणून मोठी सायकल घेतात आणि पाय टेकत नाहीत, ब्रेक मारला की पडतात.